पाण्याची पाळी

डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला पथ्याचा एक कागद मिळतो. नारळपाणी, केळं, टमाटर, पालक, सुकामेवा आणि संत्रं यांपासून लांब राहा, असं त्यावर लिहिलेलं असतं. पुण्या-मुंबईत हा कागद घडी होऊन खिशात जात असेल. अमरावती जिल्ह्यातल्या संत्र्यांच्या मोर्शीत त्यावर वाद होतो. घरामागे दोनशे झाडांची बाग, पोरींची लग्नं आंबिया बहाराच्या पैशावर झालेली, आणि आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा पिशवीत संत्रीच घेऊन येणारा. अशा माणसाला सांगायचं, की काकाजी, हे फळ आता तुमच्यासाठी नाही. "एका फोडीनं काय होते ना जी?" हा त्यावरचा ठरलेला प्रश्न.

एका फोडीनं काही होत नाही. पण एका मध्यम संत्र्यात २०० ते २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि संत्री काही एकटीदुकटी खाल्ली जात नाहीत. निरोगी माणसाची किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकते. किडनी निकामी झाली की ते रक्तातच साठतं. रक्तातलं त्याचं नेहमीचं प्रमाण लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट. ते सहाच्या पुढे सरकलं की हृदयाचा ठोका बिघडू लागतो, आणि हे बिघडणं बहुधा दुखत नाही, खुपत नाही.

पथ्यातली दुसरी गोष्ट मात्र बागाईतदाराला लवकर कळते. आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. डायलिसिसच्या रोग्यालाही ताण द्यावा लागतो: दिवसाला जेवढी लघवी होते, त्याच्यावर अर्धा-एक लिटर, बस. चहा, वरण, ताक, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. झाडाचा ताण महिन्या-दीड महिन्यानं तुटतो. माणसाचा तुटत नाही, आणि मे महिन्यात वऱ्हाडाचा पारा ४५ ओलांडतो तेव्हा तर आतून घसा फुटतो.

ज्या अवयवाचं काम थांबल्यामुळे हे सारं होतं, तो खाटकाच्या दुकानात ‘गुर्दा’ म्हणून ओळखीचा आहे, पण स्वतःच्या पाठीत तो काय करतो हे फारसं कोणाला माहीत नसतं. मुठीएवढ्या दोन किडन्या, प्रत्येकीत सुमारे दहा लाख गाळण्या. हृदय जेवढं रक्त ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभराहून जास्त, एकट्या या दोघींकडे जातो. दिवसभरात त्या १८० लिटर पाणी गाळतात. वीस लिटरचे नऊ कॅन! त्यातलं दीड लिटर लघवी म्हणून जातं. बाकीचं एकशे साडेअठ्ठ्याहत्तर लिटर, त्यातली साखर, मीठ, खनिजं मोजूनमापून परत रक्तात. लोक म्हणतात किडनी घाण काढते. घाण काढणं सोपं आहे हो, काय परत घ्यायचं हे ठरवणं अवघड. शिवाय रक्त तयार करायचा निरोप हाडांना तीच धाडते, रक्तदाब तीच सांभाळते, ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप तीच देते. डायलिसिसचं यंत्र यातलं काही करत नाही. म्हणून वर्षभर यंत्रावर असलेल्या माणसाचा चेहरा पांढुरका पडतो आणि त्याला रक्तवाढीची इंजेक्शनं घ्यावी लागतात.

यंत्र फक्त गाळतं. पण शरीराबाहेर एवढं गाळता येण्यासाठी माणसाला जवळपास शंभर वर्षं लागली.

या कामाला ‘डायलिसिस’ हे नाव दिलं ते डॉक्टरनं नव्हे, लंडनच्या टांकसाळीच्या प्रमुखानं. थॉमस ग्रॅहम हा मूळचा ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ. १८६१ साली, म्हणजे निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती येऊन आठ वर्षं झाली होती तेव्हा, त्यानं लाकडी कड्यावर चर्मपत्रासारखा कागद ताणून एक चाळणी केली, ती पाण्यावर तरंगत ठेवली आणि वर वेगवेगळे द्राव ओतून पाहिले. मिठासारखे बारीक कण कागदातून खालच्या पाण्यात उतरत, डिंकासारखे जाड पदार्थ वरच राहत. त्यानं लघवीही ओतून पाहिली. त्यातला युरिया खाली पाण्यात उतरला.

आपल्या स्वयंपाकघरात हा प्रयोग आज रोज होतो. किडनीच्या रोग्याची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. पोटॅशियम भाजीतून पाण्यात जातं. जिकडे जास्त तिकडून जिकडे कमी तिकडे, एवढाच नियम. बादलीत निळीचा थेंब टाकला की तो न ढवळता पसरतो, तोच. चव जाते म्हणून सुना-सासवांची कुरकुर होते ती वेगळी.

नियम हाती होता, पण जिवंत माणसाचं रक्त नळीतून फिरवलं की ते गोठतं. १९१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन जेकब एबल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांच्या लाळेतलं द्रव्य वापरलं. जळवांची डोकी हजारोंनी ठेचावी लागत. पहिलं महायुद्ध लागलं, युरोपातून येणाऱ्या जळवा बंद झाल्या, प्रयोग बसला. जर्मनीत गीसन गावी गेओर्ग हास यानं १९२४ साली पहिल्यांदा माणसावर पंधरा मिनिटं डायलिसिस केलं. पुढे त्याला हेपारिन मिळालं, जे आजही डायलिसिसच्या प्रत्येक पाळीला सिरिंजमध्ये भरलं जातं. पण त्याच्या कामाकडे कोणी लक्ष दिलं नाही, त्यानं ते सोडून दिलं.

खरी गोष्ट सुरू होते ती एका शेतकऱ्याच्या पोरापासून.

१९३८. हॉलंडमधल्या ग्रोनिंगन शहराच्या दवाखान्यात विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर नुकताच लागला होता. त्याच्या चार खाटांपैकी एकीवर बावीस वर्षांचा पोरगा होता. किडन्या गेलेल्या, रक्तदाब चढलेला, दृष्टी गेलेली, सारख्या उलट्या. करण्यासारखं काही नव्हतं. पोराची आई आली. वाकलेली शेतकरीण, सणाच्या काळ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी. तुमचा मुलगा वाचणार नाही, हे तिला सांगण्याचं काम कोल्फकडे आलं. या पोराच्या रक्तातून दिवसाला वीस ग्रॅम युरिया काढता आला तर उलट्या थांबतील, असा हिशेब त्याच्या डोक्यात घोळू लागला. वीस ग्रॅम! आपल्याकडचे चार चमचे.

त्याच शहरातल्या ब्रिंकमन नावाच्या प्राध्यापकानं त्याला सेलोफेन दाखवलं. मांसाचे सॉसेज भरायला जी पारदर्शक नळी वापरत, तीच. कोल्फनं थोड्या रक्तात युरिया मिसळून ते नळीत भरलं आणि मिठाच्या पाण्यात हलवत ठेवलं. थोड्याच वेळात युरिया बाहेर आला होता.

मग १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. ग्रोनिंगनच्या दवाखान्यात नाझींच्या मर्जीतला माणूस वर बसला, तेव्हा कोल्फ तिथून निघून काम्पेन या नदीकाठच्या छोट्या गावात गेला. काम्पेन म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावासारखंच म्हणा. मोठं विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. पण तिथे मुलामा चढवलेली भांडी करणारा कारखाना होता, आणि त्याचा मालक बर्क याला यंत्रं जोडायची हौस होती. लाकडी पट्ट्यांचा एक आडवा ढोल, त्याला गुंडाळलेली सेलोफेनची लांबलचक नळी, खाली मिठाच्या पाण्याची टाकी. ढोल फिरला की नळीतलं रक्त पाण्यातून बुडून वर येई. फिरणाऱ्या ढोलातून रक्त न गळता बाहेर कसं आणायचं, हा प्रश्न फोर्ड मोटारीच्या पाण्याच्या पंपाचा जोड पाहून सुटला. हे सगळं शत्रूच्या अमलाखाली, कच्च्या मालाच्या टंचाईत.

१९४३ च्या मार्चमध्ये पहिल्या रोग्यावर ते यंत्र चाललं. एकोणतीस वर्षांची मोलकरीण होती. बारा वेळा डायलिसिस झालं. दर वेळी रक्त घेण्यासाठी नवी शीर उघडावी लागे, आणि शेवटी उघडण्याजोगी शीर उरली नाही. पुढची दोन वर्षं अशीच गेली. पहिल्या सोळांपैकी जवळपास सगळे दगावले. एखाद्या रोग्यात सुधारणा झाली तरी ती यंत्रामुळेच, असं छातीठोकपणे म्हणता येईना. सतरावी रोगी ११ सप्टेंबर १९४५ ला यंत्रावर आली, सोफिया शाफस्टाट नावाची सदुसष्ट वर्षांची बाई. युद्ध संपलं होतं आणि ती तुरुंगात होती, कारण तिनं नाझींची बाजू घेतली होती. गावातल्या कित्येकांना तिला वाचवू नये असंच वाटत असणार. कोल्फनं तिला साडेअकरा तास यंत्रावर ठेवलं. ती शुद्धीवर आली, तिच्या किडन्या पुन्हा चालू लागल्या, आणि ती आणखी काही वर्षं जगून वेगळ्याच कारणानं गेली. डायलिसिसनं वाचलेली पहिली बाई कोण, तर जिच्याशी गावातलं कोणी बोलत नव्हतं ती. मला ही गोष्ट त्या ढोलाइतकीच महत्त्वाची वाटते. यंत्रासमोर आलेल्या माणसाचा पक्ष कोल्फनं विचारला नाही.

विचारण्याची वेळ पुढे आली. अमेरिकेत, आणि तेही यंत्र चांगलं चालू लागल्यावर.

कोल्फचं यंत्र तात्पुरत्या बिघाडासाठी होतं. किडनी कायमची गेली तर दर दोन दिवसांनी नवी शीर कुठून आणायची? सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरनं १९६० साली टेफ्लॉनची नळी हातातल्या धमनीत आणि शिरेत कायमची बसवून दिली. वापर नसेल तेव्हा दोन्ही टोकं एकमेकांना जोडून ठेवायची. टेफ्लॉन गुळगुळीत, रक्त त्याला चिकटत नाही. क्लाइड शील्ड्स हा बोइंगच्या कारखान्यातला यंत्रकामगार ९ मार्च १९६० ला या नळीच्या आधारानं यंत्रावर आला आणि पुढे अकरा वर्षं जगला. किडन्या गेलेला माणूस यंत्रावर अकरा वर्षं जगतो, हे तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं.

आणि मग रांग लागली. १९६२ मध्ये सिएटलला जे केंद्र उघडलं, तिथे खाटा मोजक्या आणि मरणारे पुष्कळ. कोणाला घ्यायचं? सात जणांची समिती नेमली: एक पाद्री, एक वकील, एक बँकवाला, एक गृहिणी, एक कामगार पुढारी, एक सरकारी अधिकारी, एक शल्यचिकित्सक. नावं गुप्त. अर्जदाराला मुलं किती, कामधंदा काय, चर्चमध्ये जातो का, असले प्रश्न. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकानं हे छापलं आणि अमेरिकाभर गदारोळ झाला.

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला ही समिती नवी वाटणार नाही. पाणी थोडं, शेतं जास्त, मग पाणीपाळी ठरते. वर कोण, टेलला कोण, कोणाचं दार रात्री उघडायचं, यावरून भाऊबंदकी होते. डायलिसिसच्या इतिहासातही यंत्र कोणी शोधलं यापेक्षा पाळी कोणाला मिळाली, हे विचारत गेलं की गोष्ट जास्त उलगडते.

शिरेचा प्रश्न शेवटी कायमचा सोडवला तो न्यूयॉर्कमध्ये जेम्स सिमिनो यानं. विद्यार्थिदशेत पैशासाठी तो एका इस्पितळात लोकांचं रक्त काढण्याचं काम करायचा. कोरियाच्या युद्धातून जखमी होऊन आलेल्या काही सैनिकांच्या हातात धमनी आणि शीर जखमेमुळे एकमेकींना जुळलेल्या असत, आणि ती शीर टम्म फुगून येई, सुईला सापडायला सोपी. हे त्याच्या लक्षात राहिलं. डॉक्टर झाल्यावर त्यानं सहकाऱ्यांबरोबर तेच मुद्दाम करायचं ठरवलं: मनगटाशी धमनी शिरेला शिवायची. १९६६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आज अमरावतीच्या कुठल्याही डायलिसिसच्या खोलीत हातावर जी नागमोडी फुगीर शीर दिसते, जिला सगळे ‘फिस्चुला’ म्हणतात, ती ही. रक्त काढणाऱ्या पोऱ्याच्या नजरेतून आलेली.

भारतात डायलिसिस आलं ते साठीच्या दशकाच्या सुरुवातीला, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. मुंबईच्या केईएममध्ये १९६५ साली किडनी बसवण्याचा पहिला प्रयत्न झाला, पण रोगी थोड्याच दिवसांत गेला. १९७१ मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी बसवण्यात यश आलं. पण खेड्यापाड्यातल्या माणसाच्या कानावर ‘डायलिसिस’ हा शब्द पडला तो दवाखान्यातून नव्हे, वर्तमानपत्रातून, आणि तोही आणीबाणीमुळे.

२६ जून १९७५ च्या पहाटे जयप्रकाश नारायण ऊर्फ जेपी यांना दिल्लीत अटक झाली. त्यांना चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध ठेवलं. तिथेच त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांना सोडलं तेव्हा ते मरणाच्या दारात होते. मुंबईला जसलोक रुग्णालयात आणलं. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचं डायलिसिस सुरू झालं, आणि पुढची जवळपास चार वर्षं ते यंत्राच्या आधारानं जगले. चंदीगडमध्ये नेमकं काय झालं यावर तेव्हा आणि नंतरही संशय घेतला गेला, त्यात मी इथे शिरत नाही.

मला सांगायचं आहे ते यंत्राबद्दल. जेपींकडे पैसा नव्हता. त्यांच्या डायलिसिस यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली, एकेक रुपया देणारे त्यात होते. पंतप्रधान सहायता निधीतून नव्वद हजारांची रक्कम आली, ती जेपींनी १९७६ साली परत पाठवली. ज्या सरकारनं तुरुंगात घातलं त्याच्या पैशानं रक्त गाळून घ्यायला हा माणूस तयार नव्हता. पुढे पाटण्याच्या कदमकुआंमधल्या घरी यंत्र बसलं. १९७७ ची निवडणूक, जनता पक्षाचा विजय, राजघाटावरची शपथ, नंतरची भांडणं, हे सगळं त्यांनी एक दिवस यंत्रावर, एक दिवस यंत्राशिवाय असं पाहिलं. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली, आणि ते जिवंत होते! ८ ऑक्टोबर १९७९ ला ते खरोखर गेले.

विनोबांच्या कामाला आपलं आयुष्य वाहणाऱ्या या माणसाचं नाव वर्धा-अमरावतीत घरोघर होतं, विनोबांचं पवनार इथून काही लांब नाही. त्यामुळे ‘जेपींचं मशीन’ ही गोष्ट आमच्याकडच्या जुन्या सर्वोदयी मंडळींच्या बोलण्यात बरेच दिवस होती. पण गावातल्या कोणाच्या किडन्या गेल्या तर त्याला यंत्र मिळेल, असं तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे. नागपूर लांब, मुंबई त्याहून लांब. शेत विकून चार महिने काढायचे आणि मग घरी आणायचं, हाच रिवाज. सिएटलला समिती होती, आमच्याकडे सातबारा होता.

हे बदललं ते बरंच उशिरा. राज्य सरकारनं २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली ती आधी आठच जिल्ह्यांत, आणि त्या आठांत अमरावती होता. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, किडनी प्रत्यारोपणासाठी अडीच लाख. डायलिसिस त्यात होतं. संत्रं वर्ज्य, पण केशरी कार्ड चालत होतं! २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. त्याआधी २९ फेब्रुवारी २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दर वर्षी २.२ लाख नव्या रोग्यांच्या किडन्या पूर्ण निकामी होतात आणि त्यामुळे डायलिसिसच्या ३.४ कोटी पाळ्यांची भर पडते, असा आकडा त्यांनी सभागृहात दिला. दोन वर्षांनी, मे २०१८ मध्ये, एम्समध्ये त्यांचीच किडनी बदलावी लागली.

आता अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला लोक नुसतं ‘सुपर’ म्हणतात, डायलिसिस तर होतंच, पण किडनी प्रत्यारोपणही होतं. आईची किडनी पोराला, बायकोची नवऱ्याला. (नवऱ्याची बायकोला, हे फारच कमी ऐकू येतं.) राज्यात उपजिल्हा रुग्णालयांपर्यंत डायलिसिस पोचू लागलं आहे. तरी कित्येकांच्या आयुष्याची आठ-दहा वर्षं पहाटेच्या एसटीत गेली. मोर्शी ते अमरावती पन्नासेक किलोमीटर. आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, चार तास खाटेवर, आणि येताना उलटी होऊ नये म्हणून खिडकीची जागा.

त्या चार तासांत डॉक्टर एखादी चक्कर मारून जातो. बाकी वेळ असतो तो तंत्रज्ञ. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं त्याच्या कामाला आरोग्यव्यवसाय म्हणून जागा दिली, त्याआधी त्याला कोणी ‘टेक्निशियन’ म्हणे, कोणी ‘डायलिसिसवाला पोरगा’. आल्या आल्या तो रोग्याला काट्यावर उभा करतो. अंगात फाजील पाणी नसतानाचं वजन म्हणजे ‘ड्राय वेट’. ते ५२ किलो असेल आणि काटा साडेचौपन्न दाखवत असेल, तर दोन दिवसांत अडीच लिटर पाणी साठलं. ते चार तासांत काढायचं. घाई केली तर रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, माणूस ओरडतो. म्हणून तो आधी विचारतो, "काकाजी, लग्नाला गेलते का?" आणि काकाजी पंगतीतल्या मठ्ठ्याची कबुली देतात.

मग तो फिस्चुलावर बोटं टेकवतो. विहिरीवरची मोटार चालू असताना पाइपावर हात ठेवला की जी थरथर जाणवते, तशी थरथर तिथे लागली पाहिजे. थरथर नाही म्हणजे शिरेत गुठळी. त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, सुई टोचायची नाही, त्याच्यावर पाण्याची गुंडी उचलायची नाही, तो उशाखाली घेऊन झोपायचं नाही. मग दोन जाड सुया: एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून परत. मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर. डायलायझर म्हणजे केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची नळी. तंतूंच्या आतून रक्त, बाहेरून उलट्या दिशेनं पाणी. उलट्या दिशेनं यासाठी, की रक्ताला शेवटपर्यंत आपल्याहून स्वच्छ पाणी भेटत राहावं. कोल्फचा ढोल वितभर नळीत मावला, एवढाच काय तो फरक. किडनी आठवड्याचे १६८ तास काम करते, यंत्र त्यातले आठ किंवा बारा. बाकीचे तास पथ्याच्या कागदानं सांभाळायचे.

आणि पाणी? मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं एका पाळीला १२० लिटर. निरोगी माणूस वर्षभर जेवढं पाणी पितो त्याहून जास्त पाणी या रोग्याच्या रक्ताला अडीच-तीन आठवड्यांतच लागून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. म्हणून प्रत्येक केंद्रामागे आरओची खोली असते, आणि चांगला तंत्रज्ञ पहिल्या पाळीच्या आधी तिथे जाऊन पाण्यातलं क्लोरीन तपासतो. ते राहिलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ब्राझीलमध्ये कारुआरू गावी १९९६ साली दुष्काळ होता. डायलिसिस केंद्राला टँकरनं तलावाचं पाणी आणलं, ते नीट शुद्ध केलं गेलं नाही, त्यात शेवाळाचं विष होतं. पन्नासहून जास्त रोगी त्या पाण्यानं गेले. टँकरचा उन्हाळा आमच्या ओळखीचा आहे, म्हणून ही गोष्ट इथल्या प्रत्येक तंत्रज्ञाला सांगितली पाहिजे.

वऱ्हाडात पाण्याचा विषय निघाला की खारपाण पट्टा येतोच. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी शेकडो गावं अशी आहेत, की तिथल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. जमिनीखालचं पाणीच खारं. इतकं, की १९३० मध्ये गांधीजी दांडीला मीठ उचलत होते तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडाला मिठासाठी वाट पाहावी लागली नाही. अकोल्याजवळ दहीहांड्याला आणि अमरावती जिल्ह्यात भामोदला विहिरीचं पाणी आटवून सत्याग्रह्यांनी कायदा मोडला. ज्या पाण्यानं तेव्हा इंग्रजांना खिजवलं, त्याच पाण्याला आज संग्रामपूर, जळगाव जामोदची माणसं किडनीच्या आजाराचा दोष देतात. घरटी रोगी मोजून दाखवतात. डॉक्टर मधुमेह आणि रक्तदाबाकडे बोट दाखवतात, वेदनाशामक गोळ्यांकडे दाखवतात, उन्हात दिवसभर पाण्यावाचून राबण्याकडे दाखवतात. खाऱ्या पाण्याचा वाटा किती, याचा निवाडा व्हायचा आहे. वाण धरणाच्या चौऱ्याऐंशी खेडी योजनेसारख्या नळयोजना आल्या तिथे निदान गोडं पाणी दारात आलं.

मोर्शी त्या पट्ट्यात नाही. इथलं पाणी गोड आहे, दुखणं वेगळं आहे: बागांसाठी बोअर इतके खोल गेले की मोर्शी-वरुडचं भूजल उपसून संपत चाललं. पण गावाजवळ सिंभोऱ्याला वर्धा नदीवर मोठं धरण आहे, अप्पर वर्धा, कागदोपत्री नल-दमयंती सागर. अमरावती शहर तेच पाणी पितं. तिकडे जाणारी जलवाहिनी आणि पहाटेची एसटी, दोन्ही एकाच दिशेनं निघतात. मोर्शीचा रोगी पन्नास किलोमीटर जाऊन ज्या पाण्यानं रक्त धुऊन घेतो, ते त्याच्याच तालुक्यातून त्याच्याआधी तिथे पोचलेलं असतं.

उन्हाळ्यात कधी ती वाहिनी फुटते, आणि शहराला दोन दिवस पाणी नाही, अशी बातमी पेपरात येते. लोक भांडी भरून ठेवतात. डायलिसिसचा पोरगा त्या सकाळी काट्याआधी गच्चीवर जातो, टाकीचं झाकण उघडून आत किती पाणी आहे ते पाहतो, खाली येतो आणि यादीतली नावं मोजतो. सकाळच्या पाळीत सहा, दुपारच्या पाळीत सहा.